बी जपावे की पेरावे?

एप्रिल सरत आला, शेवटचे बर्फ वितळले की इथल्या कित्येक मराठी घरांत एक ठरावीक शोधाशोध सुरू होते. फ्रीजच्या दारात लोणच्याच्या बरणीमागे ठेवलेला डबा, गॅरेजमधला बुटांचा खोका, देवघराखालचा खण यांतून कागदाच्या पुड्या बाहेर पडतात. एखादीवर 'पडवळ' असे लिहिलेले असते, एखादीवर नुसतेच 'वहिनींकडचे'. साल मात्र क्वचितच लिहिलेले असते. मग बी कुंडीत पेरले जाते, पंधरा-वीस दिवस वाट पाहिली जाते आणि मातीतून काहीच वर येत नाही. 'बी खराब निघाले' असे म्हणून मंडळी गार्डन सेंटरची वाट धरतात.

बी खराब निघाले म्हणजे नेमके काय झाले? आपण बियांकडे डाळ-तांदळाच्या नजरेने पाहतो. डबा घट्ट लावला, मुंगी लागली नाही, म्हणजे वस्तू टिकली. पण त्या टरफलाच्या आत एक अंकुर आपली शिदोरी उशाशी घेऊन निजलेला असतो. तो जिवंत असतो, आणि जे जिवंत असते त्याला वय असते. न उगवलेले बी म्हणजे मेलेले बी. ते आपल्याच घरात, आपण जपून ठेवलेले असताना मेलेले असते. हे एकदा ध्यानात आले की बागकामातला हा किरकोळ प्रश्न एकदम मोठा होतो. पुढच्यांसाठी म्हणून जे आपल्या हाती सोपवले गेले, ते नीट ठेवून दिले की आपले कर्तव्य संपले का?

आधी थोडे शास्त्र पाहू. साठवलेल्या बियांचे दोन मोठे शत्रू आहेत, ओल आणि उष्णता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील जेम्स हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाने यासाठी दोन सोपे आडाखे सांगितले. बियांतला ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. आणि साठवणीच्या जागेचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवले की ते पुन्हा दुप्पट होते. याला मर्यादा आहेत. बी प्रमाणाबाहेर सुकवूनही चालत नाही. तरी घरगुती वापराला हे आडाखे पुरेसे आहेत. आणखी एक हिशेब प्रसिद्ध आहे. फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या आत राहावी. मुंबईच्या जुलैत ८२ अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणा धरला तर बेरीज १६७ होते. फ्रीजमध्ये ४० अंशांवर, कोरड्या हवाबंद बरणीत ती सहज शंभराखाली येते. मात्र फ्रीज थंड असला तरी आतून दमट असतो, म्हणून नुसती कागदाची पुडी तिथे ठेवून भागत नाही. बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडूही नये, नाहीतर बियांवर बाष्प धरते. आणि ओलसर बी फ्रीझरमध्ये टाकले तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशीच फुटतात.

आपल्या आज्या-पणज्यांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण काम ठाऊक होते. दोडका, दुधी वेलावरच पूर्ण वाळू द्यायचा. मक्याची कणसे आढ्याला, चुलीच्या धुरावर टांगायची. वालाचे बी उन्हात खडखडीत वाळवून, चाळलेल्या राखेत कालवून मडक्यात भरायचे, वर कडुनिंबाचा पाला घालायचा आणि मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपून टाकायचे. राख ओल शोषते आणि भुंग्यांच्या वाटेत येते, धूर किडीला दूर ठेवतो. आज अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बँक उभी केली, तिचा पाया याच शहाणपणावर आहे. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा या घरगुती विद्येची दखल दिल्लीनेही घेतली.

तरीही या सगळ्या उपायांनी मरण फक्त लांबते. घरच्या साध्या साठवणीत कांद्याचे बी एक-दोन वर्षांत निकामी होऊ लागते. भेंडी, मिरची दोनेक वर्षे, घेवडा आणि वाटाणा तीनेक, टोमॅटो आणि वांगी चारेक, काकडी पाचेक वर्षे तग धरते. शिवाय बी एका दिवसात मरत नाही. आधी त्याचा जोम जातो. पेशींची आवरणे झिरपू लागतात, आतला स्निग्धांश खवट होतो. असे बी ओल्या कागदावर कसाबसा कोंब काढते, पण थंड मातीचा थर फोडून वर येण्याचे बळ त्याच्यात उरलेले नसते. वरून मात्र ते पूर्वीसारखेच तुकतुकीत दिसते. बी जिवंत आहे की नाही हे बघून कळत नाही. ते कळायला काही बिया भिजवाव्या लागतात, म्हणजे साठ्यातून खर्च कराव्या लागतात.

इथे कुणी म्हणेल की दोन-दोन हजार वर्षांपूर्वीची बी उगवल्याचे आपण वाचतो, त्याचे काय? इजिप्तच्या पिरॅमिडमधला गहू उगवल्याच्या गोष्टी खोट्या आहेत. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यावर सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी मात्र २००५ साली खरोखरच उगवली. पण ती वाळवंटाच्या कोरड्या हवेत पडून होती, आणि ती भाजीची बी नव्हती. रानटी रोपांना वाट पाहता येते. मिशिगनमध्ये विल्यम बील या प्राध्यापकांनी १८७९ साली तणांच्या बिया वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरून जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून पाहिली जाते. २०२१ साली, १४२ वर्षांनंतर काढलेल्या बाटलीतल्या काही बियाही उगवल्या. ओल मिळाली तरी योग्य वेळ येईपर्यंत न उगवण्याची युक्ती तणांकडे असते.

भाजीच्या बियांकडची ती युक्ती बरीचशी आपण काढून घेतली आहे. हजारो वर्षे शेतकऱ्याने तेच बी राखले जे पेरल्याबरोबर, सगळे एकदम उगवले. उशिरा जागे होणारे बी मागे पडत गेले. वाट पाहण्याची ताकद सोडून या वनस्पतींनी माणसाच्या हातावर विसंबायचे ठरवले, असेच जणू म्हणावे लागेल. तणाला माणसाची गरज नाही. दुधी भोपळ्याला आहे. आपल्यामुळे परावलंबी झालेल्या जिवाबद्दल आपली काही जबाबदारी आहे, हे तत्त्व आपण गाईबैलांच्या बाबतीत सहज मानतो. डब्यातल्या मूठभर बियांनाही ते लागू आहे असे मला वाटते.

या जबाबदारीची सर्वांत कठोर परीक्षा लेनिनग्राडमध्ये झाली. निकोलाय व्हाविलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने जगभर हिंडून पिकांचे वाण गोळा केले होते. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला, तो जानेवारी १९४४ पर्यंत टिकला. त्या पहिल्या हिवाळ्यात अनेकांच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येत होता. आणि संस्थेच्या इमारतीत भात, गहू, मका, शेंगदाणे, वाटाणे यांचे हजारो नमुने डब्यांत भरलेले होते. ते सांभाळणाऱ्यांनी त्याला हात लावला नाही. भाताचे अभ्यासक द्मित्री इवानोव्ह भाताच्या हजारो पाकिटांच्या सोबतीने उपासमारीने वारले. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्सांद्र श्चुकिन कामाच्या टेबलापाशीच गेले. खुद्द व्हाविलोव्ह तेव्हा स्टालिनच्या तुरुंगात होते. जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचेही भुकेनेच खंगून निधन झाले.

ही कथा ऐकून आपण हात जोडतो, आणि ते योग्यच आहे. पण इथे थांबून विचारही करायला हवा. ते बी वाटून टाकले असते तर? वेढ्यात अडकलेली वस्ती पंचवीस लाखांच्या आसपास होती. प्रत्येकाला १२५ ग्रॅम द्यायचे तर एका दिवसाला तीनशे टनांहून अधिक धान्य लागेल. संस्थेत होते ते काही टन. म्हणजे शहराची एका दिवसाची भूकही भागली नसती आणि कित्येक पिढ्यांचे बी संपले असते. हा हिशेब बरोबर आहे. तरी हिशेबाने प्रश्न पुरता सुटत नाही. दाराशी उभ्या असलेल्या एका उपाशी मुलाला पंचवीस लाखांचा भागाकार सांगता येत नाही. त्याच्यापुरती एक मूठ शेंगदाणे म्हणजे एक दिवसाचे आयुष्य असते. स्वतःच्या भुकेबद्दल निर्णय घेण्याचा त्या शास्त्रज्ञांना पूर्ण अधिकार होता. दुसऱ्याच्या भुकेबद्दल तो कुणाला असतो, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. आपल्याकडे दुष्काळात बियाण्याच्या कणगीला हात लावायचा की नाही, हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात असाच उभा राहत आला आहे, आणि तिथेही उत्तर देणारी आई एकच उत्तर दर वेळी देत नसेल.

एवढे मात्र निश्चित म्हणता येते की त्या त्यागाला अर्थ आला तो पुढे ते बी पेरले गेले म्हणून. बटाट्याने तर पुढची वाटही पाहू दिली नाही. बटाट्याचे वाण कंदाने राखायचे असतात. ते वाळवून डब्यात ठेवता येत नाहीत. म्हणून संस्थेच्या लोकांनी तोफांच्या माऱ्यात शेतातून वाण उकरून आणले, कडाक्याच्या थंडीत ते गोठू नयेत म्हणून मिळेल ते जाळून तळघर उबदार ठेवले आणि १९४२च्या वसंतात वेढ्यातल्या शहरातच ते पुन्हा मातीत लावले. ते नुसते राखून बसले असते तर १९४४ साली वेढा उठला तेव्हा त्यांच्यापाशी कुजलेल्या कंदांखेरीज काहीच उरले नसते.

हाच धडा नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावरून मिळतो. २००८ साली तिथे डोंगराच्या पोटात जगाची बीजपेढी उघडली. उणे १८ अंशांवर आज तिथे १३ लाखांहून अधिक नमुने आहेत. वर्तमानपत्रांनी तिला 'प्रलयाची तिजोरी' म्हटले. पण तिचे मोल पहिल्यांदा पटले ते २०१५ साली, जेव्हा तिच्यातून बी बाहेर काढले गेले. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची आंतरराष्ट्रीय बीजपेढी वापरणे अशक्य झाले. तिथल्या शास्त्रज्ञांनी आधीच स्वालबार्डला पाठवलेल्या आपल्या प्रती परत मागितल्या, लेबनॉन आणि मोरोक्कोमध्ये त्या पेरल्या, वाढवल्या आणि २०१७ साली नव्याने तयार झालेले बी पुन्हा स्वालबार्डला जमा केले. तिजोरीतून काढले, मातीत घातले, वाढवून परत केले. साठवण हा या चक्रातला एक टप्पा आहे. गोठवलेले बीही काही काळाने तपासावे लागते, आणि उगवण घटली की पेरून नवे करावे लागते. बीजपेढ्यांचे निम्मे काम शेतातच चालते, ते यासाठीच.

पण पेरणीची एक किंमत असते, आणि ती किंमत म्हणजे बदल. आपल्या कोकणातल्या वालाचेच उदाहरण घ्या. भात निघाल्यावर, दिवस लहान होत असताना तो पेरतात, आणि त्याचे अनेक जुने वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. तो न्यू जर्सीत जूनमध्ये लावला तर पंधरा तासांच्या दिवसात वेल कुंपणभर पसरतो आणि फुलाचे नाव घेत नाही. सप्टेंबरात कुठे फुलू लागतो, आणि ऑक्टोबरच्या हिमकणांत शेंगा जून होण्याआधीच सगळे संपते. पण मूळ मुठीत थोडी विविधता असेल आणि कुणी दरवर्षी सगळ्यांत आधी शेंग धरणाऱ्या वेलाचेच बी राखले, तर काही वर्षांनी इथल्या उन्हाळ्यात पिकणारा वाल हाती येऊ शकतो. तो अलिबागचा वाल राहिला का? शास्त्र सांगते की तो थोडा वेगळा झाला. डब्यातला वाल मात्र जसाच्या तसा राहिला, आणि मेला. जसेच्या तसे राहणे आणि जिवंत राहणे या दोन्ही गोष्टी एकदम फार काळ मिळत नाहीत. आपल्याला निवड करावी लागते, किंवा दोन्हींची वाटणी करावी लागते.

परदेशात राहणाऱ्या माणसाला हे बागेपुरते ठेवता येत नाही. आपण प्रत्येक जण एका विशिष्ट सालची मराठी घेऊन इथे आलो. कुणाची १९७२ सालची, कुणाची १९९८ सालची. तिकडे ती रोज पेरली जाते, म्हणून तिकडे ती बदलली; आपण ती बाटलीत घट्ट बंद करून ठेवली आणि तिलाच अस्सल म्हणू लागलो. मग मंडळाच्या शाळेतले एखादे मूल 'मी शॉवर घेतली' म्हणाले की आपल्या कपाळावर आठी उमटते. ते मूल म्हणजे इथल्या मातीत उगवलेला वेल आहे. त्याच्या मराठीत इथल्या हवेची चव येणारच. ते मराठी बोलते आहे, म्हणजे बी उगवले आहे, ही गोष्ट आठी घालण्यापूर्वी मोजायला हवी.

याचा अर्थ काहीही चालेल असा नाही. शब्दकोश, ध्वनिमुद्रणे, जुनी पत्रे ही आपली शीतगृहे आहेत, आणि तीही हवीत. पेरलेले पीक फारच भरकटले तर मूळ वाण पडताळायला ती उपयोगी पडतात. पण काही बिया शीतगृहात टिकतच नाहीत. फणसाची आठळी वाळवली की मरते. आपल्या लाडक्या कढीपत्त्याचे बी झाडावरून उतरल्यावर काही आठवड्यांतच पेरावे लागते. माणसांच्या ठेव्यातही अशा गोष्टी असतात. जात्यावरच्या ओवीची चाल, पुरण नेमके किती आटवायचे याचा हाताचा अंदाज, आजारी माणसाला भेटायला गेल्यावर काय बोलायचे आणि काय नाही याची समज. या गोष्टी ताज्या असतानाच एका हातातून दुसऱ्या हातात जातात. 'मुले मोठी झाली की सांगू' म्हणून त्या ठेवून दिल्या तर सांगायच्या वेळी त्या आपल्याजवळही नसतात.

आणखी एक मोह साठवणाऱ्याला होतो, मालकीचा. 'अस्सल बी फक्त आमच्याकडे' ही भावना फार सुखाची असते. जुन्या काळी सवाई-दिढीने बियाणे देणारा सावकार कणगीवर बसूनच गावावर सत्ता गाजवत असे. याउलट गावोगावच्या सामुदायिक बीजपेढ्यांत रिवाज असतो तो न्यावे, पेरावे आणि पीक आल्यावर नेले त्याहून थोडे जास्त परत करावे असा. तिथे बी ठेवणारा विश्वस्त असतो. वाढीव परतफेड दोघेही घेतात, पण सावकाराची वाढ त्याच्या कणगीत जाते आणि पेढीची पुढच्या शेतकऱ्याच्या शेतात.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. जपणे हे कर्तव्य आहे, पण ते मुदतीचे आहे. पुडीवर वाणाचे नाव, कुणाकडून आले ते आणि साल लिहावे. साल नसलेली पुडी म्हणजे तारीख नसलेली हुंडी. दर वसंतात दहा बिया ओल्या कागदाच्या टॉवेलात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उबदार जागी ठेवाव्यात आणि आठवडा-दोन आठवड्यांनी मोजाव्यात. नऊ उगवल्या तर निश्चिंत राहावे. पाच उगवल्या तर दुप्पट पेरावे, आणि त्याच वर्षी पेरावे. थोडे बी कोरड्या बरणीत मागे ठेवावे, कारण गारपीट आणि हरणे आपल्या तत्त्वज्ञानाला जुमानत नाहीत. उरलेले आसपासच्या दोन-तीन घरी द्यावे, मराठी असोत वा नसोत. आज भारतातून बी आणायचे तर परवाना आणि तपासणी लागते, आणि ते योग्यच आहे, कारण बियांबरोबर रोगही प्रवास करतात. म्हणून इथे रुजलेले प्रत्येक वाण अधिकच मोलाचे, आणि ते एकाच घरात असणे अधिकच धोक्याचे.

दिलेल्या बियांचे पुढे काय होईल हे आपल्या हाती राहत नाही. शेजारीण त्या दोडक्याची चटणी न करता सूप करील, वेल दुसऱ्याच कुंपणावर चढेल, चार वर्षांनी फळाचा आकारही थोडा निराळा होईल. ज्याने आपल्याला ती पहिली मूठ दिली त्यानेही हे सगळे गृहीत धरूनच हात पुढे केला होता. त्याने आपल्याला डबा दिला नव्हता, बी दिले होते. यंदाच्या मे महिन्यात माती गरम झाली की निदान निम्मे तरी तिच्या हवाली करू या.